बादलीपासून छतापर्यंत

पौषातली अंगारकी होती. पहाटे सव्वाचारला फोन वाजला. लेण्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूला एका लॉजचं गरम पाण्याचं काम मी पंधरा दिवसांपूर्वीच उरकलं होतं. बारा खोल्या, छतावर पाचशे लिटरचा सोलर, बिल पूर्ण चुकतं झालेलं. मालक म्हणाले, "मिस्त्री, एकूण एक खोलीत गार पाणी येतंय. माणसं बादल्या घेऊन माझ्या दारात उभी आहेत." ओतूरहून मोटारसायकल काढली. मी पोचेपर्यंत निम्मे पाहुणे गार पाणी अंगावर घेऊन पायऱ्या चढायला निघूनही गेले होते.

मी थेट छतावर गेलो. टाकीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह सोडला आणि हात पोळला. टाकी काठोकाठ, पाणी साठ अंशांच्या घरात. म्हणजे वर पाचशे लिटर कढत पाणी, खाली कुडकुडणारी माणसं, आणि दोघांच्या मध्ये काय, तर मी घातलेला पाइप.

टाकीपासून सर्वांत लांबच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी तीस मीटर भरत होता. ह्या पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं. तीस मीटरमध्ये साडेसात लिटर, म्हणजे अर्ध्या बादलीला थोडं कमी. रात्रभर ते भिंतीत गार होऊन पडलेलं. नळ सोडला की आधी ते बाहेर यायचं, मग गरम. पाहुण्याला हे कोण सांगणार? त्याने नळ सोडला, हात धरला, गार लागलं, नळ बंद केला आणि मालकाला हाक मारली. मालक येईपर्यंत पाइपात निम्म्या वाटेवर आलेलं पाणी पुन्हा निवलं. बारा खोल्यांत हेच चाललं होतं. दुपारी मोजलं तेव्हा टाकीत चारशेच्या वर लिटर गरम पाणी जसंच्या तसं शिल्लक होतं.

हे पुस्तक लिहायचं डोक्यात आलं ते त्या दिवशी. तोवर माझी समजूत अशी की गरम पाण्याचं काम म्हणजे पाणी तापवणारं यंत्र बसवायचं काम. गिऱ्हाईकही तसंच विचारतं. शंभर लिटरचा सोलर केवढ्याला पडेल? गीझर पंधराचा घेऊ का पंचवीसचा? मी छताकडे बघायचो, जागा मोजायचो आणि आकडा सांगायचो. पण यंत्र कुठलं हा शेवटचा प्रश्न आहे. आधी बादली बघायची. किती माणसं, किती बादल्या, किती वाजता आणि किती ऊन पाणी हवं, एवढं कळलं की तिथून मागे मागे सरकत छतापर्यंत जायचं. मी छतापासून निघालो होतो आणि बादलीच्या अलीकडे साडेसात लिटरवर अडकलो.

ह्या विद्येतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होता: विसण. कढत पाणी अंगाला सोसेल इतपत करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालायचं ते विसण. शहरातल्या मुलांना आता हा शब्द फोडून सांगावा लागतो, कारण त्यांच्याकडे हे काम भिंतीतला मिक्सर करतो. बाळाला न्हाऊ घालणारी बाई घंगाळात कोपर बुडवायची आणि म्हणायची, "अजून एक तांब्या विसण आण." तिच्या कोपराने जे मोजलं जायचं त्याचं गणित असं: टाकीत ६० अंशांचं पाणी आहे, नळाला २० अंशांचं, अंगावर हवं ४० अंशांचं. मग निम्मं कढत, निम्मं विसण. डिसेंबरात छतावरच्या टाकीतलं पाणी १५ अंशांवर उतरलं की कढताचा वाटा थोडा वाढतो. वीस लिटरच्या बादलीत दहाच्या जागी अकरा लिटर. लॉजमधल्या छत्तीस माणसांनी एकेक बादली घेतली तर चारशे लिटर कढत पाणी लागलं.

आता त्याच लॉजमध्ये कुणाच्या सांगण्यावरून शॉवर लावला, असं धरा. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर टाकतो. पाहुणा सहा मिनिटं उभा राहिला की पन्नास लिटर गेले. माणसं तीच छत्तीस, पण कढत पाणी आता हजार लिटर लागतं. टाकी दुपटीपेक्षा मोठी, छतावरचं वजन मोठं, खर्च त्याच मापाने वाढलेला, आणि हे सगळं भिंतीला अडकवलेल्या एका झारीमुळे. म्हणून मी हल्ली काम घेताना छतावर जायच्या आधी बाथरूममध्ये जातो आणि बादली किती लिटरची आहे ते बघतो. मालक हसतात. हसू द्यात.

माझ्या आजीच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता, पुण्याच्या तांबट आळीत घडवलेला. मधोमध उभी नळी, तळाला जाळी, जाळीखाली राख पडायला जागा आणि नळीभोवती पाण्याचं पोट. नळीत बंबफोड टाकायची. बंबफोड म्हणजे त्या नळीत बसतील एवढी बारीक फोडलेली लाकडं. वखारीत ती वेगळी मागावी लागत. आमच्याकडे विकतचं कमीच. मक्याची बुरकुंडं, तुराट्या, गोवऱ्यांचे तुकडे, जे हाताशी असेल ते नळीत जायचं. आमच्या बंबाची तोटी वरच्या अंगाला होती आणि शेजारी नरसाळं. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीने तळाशी उतरायचं आणि वरचं तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर पडायचं. गार ओतावं आणि गरम निघावं, ही लहानपणी मला जादू वाटायची. पुढे पहिल्यांदा स्टोरेज गीझर खोलला तेव्हा आत आजीचाच बंब निघाला: गार पाणी तळाला सोडायचं, गरम वरून काढायचं, गाराने गरमाला ढकलायचं. म्हणूनच गीझरच्या दोन जोडण्या चुकून उलट्या झाल्या की पंधरा लिटरच्या टाकीतून जेमतेम एक-दोन तांबे गरम मिळतं आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

आजीचा एक नियम होता: बंबात पाणी आहे का ते बघितल्याशिवाय विस्तव घालायचा नाही. रिकामा बंब तापला की डाख सुटतो. गीझरच्या कॉईलचं वेगळं काही नाही. पाणी नसताना बटण दाबलं की ती जळते, आणि आमच्या भागात टाकी रिकामी व्हायला कारण लागत नाही.

तरी बंबाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तो पेटवायला पहाटे चारला उठणारी घरात एकच असायची, आणि ती कोण हे मी वेगळं सांगायला नको. साध्या चुलीवर तर लाकडातल्या उष्णतेचा दहावा-सातवा हिस्साच पाण्यात उतरतो, बाकी धूर आणि डोळ्यांतलं पाणी. शिवाय जुन्नर, आंबेगावात पहाटे अंगणात उतरायचं म्हणजे हल्ली आधी बॅटरी मारून उसाच्या कडेला बघावं लागतं. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. आणि पश्चिमेला भीमाशंकरचं जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथल्या गावांनी सरपण आणायचं कुठून?

गार पाण्याच्या बाबतीत हा मुलूख दोन हजार वर्षांपासून शहाणा आहे. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांत कधीही डोकावून बघा. नाणेघाटात कातळात खोदलेल्या टाक्या आहेत. लेण्यांतल्या शिलालेखांत अशा टाकीला पोढी म्हटलंय आणि पोढी कुणी दान दिली तेही कोरून ठेवलंय. कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पोढीचा लेख लेण्याद्रीच्या डोंगरातच आहे. पाणी कुठून झिरपेल, गाळ कुठे बसेल, उपसा कुठून होईल, सगळं दगड फोडायच्या आधी ठरवलेलं. गरम पाण्याच्या वाट्याला मात्र असा विचार कधी आला नाही. ते घरातल्या बाईने तापवायचं आणि पुरुषाने "पाणी काढलं का?" एवढं विचारायचं. जिथे कष्ट फुकट मिळतात तिथे कुणी नकाशा काढत बसत नाही. माझ्या मते आपल्याकडे घर बांधताना देवघराची दिशा ठरते, जिन्याची दिशा ठरते, आणि गरम पाण्याचा पाइप प्लास्टरच्या आदल्या दिवशी आठवतो, त्याचं मूळ इथे आहे.

ह्या विषयावरची इंग्रजी पुस्तकं मी जमतील तेवढी चाळली. ती बहुतेक खोली गरम करण्यापासून सुरू होतात. थंड देशांत तळघरात पाणी तापवून भिंतीतल्या, जमिनीतल्या पाइपांतून घरभर फिरवतात आणि त्याच्या उबेवर हिवाळा काढतात. आपल्याला त्याची गरज नाही. जुन्नरची थंडी झोंबते खरी, पण तिच्यासाठी गोधडी आणि शेकोटी पुरते. नळ्या घालून घर तापवायला निघालेला माणूस इथे वेडा ठरेल. तरीही ती पुस्तकं मी टाकून दिली नाहीत. पंप नव्हते त्या काळात त्या घरांतलं पाणी फिरायचं ते फक्त एका गोष्टीवर: गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार झालेलं जड होऊन खाली येतं. आपल्या छतावरचा सोलर आजही एवढ्याच भांडवलावर चालतो. आणि 'गीझर' हा शब्द तरी कुठून आला? आइसलंडमधल्या उकळत्या पाण्याच्या कारंजाचं ते नाव. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला ते दिलं. सह्याद्री उतरून कोकणात गेलं की वज्रेश्वरीला, राजापूरला आपल्याकडेही जमिनीतून ऊन पाणी निघतं. घाटावर आमच्या नशिबी ते नाही, आम्हाला तापवूनच घ्यावं लागतं.

आता वेळेचं. घरी हा प्रश्न सौम्य असतो. कुणी सहाला आंघोळ करतो, कुणी नऊला. लॉज, भक्तनिवास, मंगल कार्यालय आणि वसतिगृह ह्या चार ठिकाणी मात्र सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं असतं. लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकांतले दोन जुन्नर ह्या एकाच तालुक्यात. यात्रेकरू पहाटे उठतो, आंघोळ करतो, दर्शन घेतो आणि दुसऱ्या गणपतीच्या वाटेला लागतो. चार ते सहा ह्या दोन तासांत दिवसाचं सगळं गरम पाणी संपतं. सूर्य तेव्हा उगवलेलाही नसतो. म्हणजे इथे सोलरची खरी परीक्षा तापवण्यात नाही, रात्रभर ऊब राखण्यात आहे. अमेरिकेत १८९१ मध्ये क्लॅरेन्स केम्प यांनी पेटंट घेतलेल्या सौर पेटीत पाणी दुपारी गरम असायचं आणि रात्रीत निवायचं. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवायची जागा आणि साठवायची टाकी वेगळी केली, टाकीला भरपूर गुंडाळलं आणि यंत्राचं नावच 'डे अँड नाइट' ठेवलं. आपण आज वापरतो ते त्याचंच पुढचं रूप. म्हणून टाकी विकत घेताना लिटरच्या आधी तिच्या आवरणाची जाडी विचारा.

एका वसतिगृहात टाकी वाढवायला पैसे नव्हते. मी सुचवलं की निम्म्या मुलांची आंघोळ संध्याकाळी ठेवा. सोलरचं पाणी चार-पाच वाजता सर्वांत गरम असतं. आधी कुणी ऐकेना, संध्याकाळी आंघोळ म्हणजे अपशकुन वाटला असावा. महिनाभराने मुलांनीच लावून धरलं, खेळून आल्यावर ऊन पाणी कुणाला नको? एक रुपयाचा पाइप न बदलता ती टाकी पुरायला लागली. ह्या धंद्यात मी केलेलं सर्वांत स्वस्त काम ते, आणि त्याचं बिलही करता आलं नाही.

सूर्याचा हिशोब मी पुस्तकात सविस्तर दिलाय, इथे चवीपुरता. शंभर लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटच्या थोडी वर उष्णता लागते. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण पाच युनिट ऊन पडतं. दोन चौरस मीटरचं फ्लॅट प्लेट पॅनल धरलं तर दहा युनिट, त्यांतली निम्मी टाकीपर्यंत पोचतात. शंभर लिटरला दोन चौरस मीटर हा बाजारात पाठ झालेला आकडा असा येतो. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल तीस-पस्तीस अंशांचा, कारण आपल्याला पाणी हवंय ते थंडीत आणि थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. २२ डिसेंबरला जुन्नरच्या आकाशात तो भर दुपारीही ४७ अंशांच्या वर चढत नाही. त्या दिवशी दहा फूट उंच पाण्याच्या टाकीची सावली भर बाराला नऊ फूट लांब पडते, सकाळी दहाला त्याहून पुष्कळ लांब. मे महिन्यात जागा बघून बसवलेला सोलर डिसेंबरात टाकीच्या सावलीत सापडतो तो ह्यामुळे. दोरी आणि कोनमापक घेऊन पाच मिनिटांत हे तपासता येतं. डोंगराच्या कुशीतल्या गावांत तर आधी डोंगराचीच सावली मोजायची.

पण जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सगळीकडे एकसारखे नाहीत. पूर्वेला बेल्हे, आळेफाट्याकडे आभाळ बहुतेक वर्षभर उघडं. पश्चिमेला पोखरी, तळेघर, राजपूर, भीमाशंकरची वाट धरली की पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही. आणि भीमाशंकरला गर्दी कधी? श्रावणात. ज्या महिन्यात ऊन सर्वांत कमी त्याच महिन्यात पाहुणे सर्वांत जास्त. नारायणगावात छान चाललेला सोलर बघून तळेघरच्या माणसाने तोच घेतला तर श्रावणी सोमवारी त्याच्या काचेच्या नळ्यांवरून फक्त पागोळ्या गळतात. तिथे मी हीट पंप सुचवतो. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. एक युनिट वीज घेतली तर तीन युनिटच्या आसपास उष्णता देतो, आणि पावसाळी दमट हवा त्याला मानवते. चारशे लिटर १५ वरून ६० अंशांवर न्यायला साध्या कॉईलला एकवीस युनिट लागतात, ह्याला सात. तो महाग आहे आणि बिघडला तर प्लंबरचा उपयोग नाही, फ्रीजवाला लागतो, हे दोन्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

विजेच्या गीझरबद्दल एक गोष्ट शहरातली पुस्तकं सांगत नाहीत, कारण तिथे ती घडत नाही. कॉईलवर दोन किलोवॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. वाडीच्या टोकाला, डीपीपासून लांब, संध्याकाळी मोटारी सुरू असताना मी स्वतः १८० व्होल्ट मोजलेत. व्होल्टेज पाऊणपटीच्या थोडं वर राहिलं तर वाटतं, उष्णताही तेवढीच राहील. तसं होत नाही. ती वर्गाच्या हिशोबाने पडते, आणि दोन किलोवॅटची कॉईल सव्वा किलोवॅटही देत नाही. पंधरा लिटर तापायला चोवीस मिनिटं लागायची तिथे अडतीस लागतात. घरात भांडणं होतात, गीझर बदलला जातो, नवाही तसाच. दोष गीझरचा नाही हे कळायला साधा मल्टिमीटर पुरतो. आणि बारा खोल्यांत बारा गीझर म्हणजे पहाटे एकदम चोवीस किलोवॅट. मीटरचा मंजूर भार किती आहे ते बघितल्याशिवाय हा विचारसुद्धा करू नये.

गॅस गीझरवर मी एक आख्खं प्रकरण लिहिलंय आणि ते कडक शब्दांत लिहिलंय. बंद बाथरूममध्ये गॅस जळतो, हवेतला प्राणवायू घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी जड वाटतं, मग शुद्ध जाते, आणि कडी आतून लावलेली असते. आपल्या राज्यात असे मृत्यू पुन्हा पुन्हा झालेत. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याचा पाइप. गिऱ्हाईक म्हणालं की बाहेर पाऊस लागतो, चोर नेतील, तर काम सोडून द्या. मी दोन कामं अशी सोडलीत.

भाजण्याचंही तसंच. ६० अंशांच्या पाण्याखाली कातडी पाचेक सेकंदांत भाजते. म्हातारं माणूस दचकून मागे सरकेपर्यंत तेवढा वेळ जातो. तरी टाकीत ६० अंश ठेवावंच लागतं, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो आणि पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणजे साठवायचं कढत आणि द्यायचं सोसवेल असं. दोहोंच्या मध्ये विसण घालणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह. दवाखाना, बाळंतिणीची खोली, वृद्धाश्रम इथे त्यावर पैसे वाचवू नयेत.

फिटिंगच्या चुका मी मन लावून लिहिल्यात, कारण त्यांतल्या बहुतेक माझ्या आहेत. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी; जुन्या घरात ती बुटक्या कट्ट्यावर असते आणि मालकाला नवा कट्टा बांधायचा नसतो. सोलरच्या टाकीवरची हवेची नळी गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्यायची, नाहीतर ती दिवसभर छतावर पाणी सांडते. ही नळी गळते म्हणून एका घरी कुणीतरी तिला बूच मारलं होतं. टाकी आतून फुगली. फ्लॅट प्लेटच्या पाइपाला कुठेही झोळ नको. गरम पाणी चढणीने जातं, झोळात हवा अडकली की सगळा फेरा थांबतो आणि पॅनल तापून टाकी गार राहते. भर उन्हात रिकाम्या, तापलेल्या काचेच्या नळ्यांत गार पाणी सोडलं की त्या तडकतात. भरायचं ते सूर्योदयाआधी. साध्या पांढऱ्या पीव्हीसीवर गरम पाण्याची लाइन टाकली तर ती उन्हाळ्यापर्यंत सापासारखी वळते. प्रेशर पंप लावायचा असेल तर टाकी दाब सोसणारी घ्यावी लागते. साध्या टाकीला पंप जोडला की नळ्यांचे रबर रिंग रडायला लागतात. आणि लेण्याद्री, भीमाशंकरच्या बाजूला काच बसवणार असाल तर माकडांचा विचार करा. त्यांना नळीत स्वतःचं तोंड दिसतं आणि ते त्यांना आवडत नाही. वरून जाळी टाका, गारपिटीलाही तीच कामाला येते.

पाण्याचा स्वभाव हा आणखी एक मोठा विषय. धरणाचं, नदीचं पाणी मऊ असतं, बोअरचं बहुतेक ठिकाणी जड. डाळ शिजायला वेळ लागतो का, साबणाला फेस येतो का, एवढं घरातल्या बाईला विचारलं तरी प्रयोगशाळेत जायच्या आधी निम्मं कळतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि सर्वांत तापलेल्या जागी बसतो: कॉईलवर, तांब्याच्या बारीक नळ्यांत. साठ अंशांच्या वर तो झपाट्याने बसतो, म्हणून अशा ठिकाणी थर्मोस्टॅट पंच्याहत्तरला लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने गिलावा करणं. गीझरच्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकी गंजण्यापासून वाचवते. दरवर्षी तपासावी, झिजली की बदलावी. मी विचारलेल्या दहा घरांपैकी एकालाही ती आहे हे माहीत नव्हतं.

दूध संकलन केंद्रांत कॅन धुवायला जे कढत पाणी लागतं, त्यावर ह्या पुस्तकात एक छोटं प्रकरण आहे. पोल्ट्री आणि पोहण्याचे तलाव मी घेतले नाहीत. त्यांचं गणित वेगळं आहे आणि माझा हात तिथे चाललेला नाही. जुन्नर तालुका २०१८ मध्ये शासनाने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, तेव्हापासून शेतातल्या घराला दोन खोल्या जोडून पाहुणे ठेवणारी घरं वाढताहेत. हे पुस्तक लिहिलं ते त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या आयटीआय झालेल्या पोरांसाठी. म्हणून भाषा कामावरची ठेवली. एल्बोला एल्बो आणि युनियनला युनियनच म्हटलंय. विसणाला मात्र मिक्सिंग म्हणायचं जिवावर आलं.

त्या लॉजचं काय केलं ते सांगायचं राहिलं. पहिला विचार असा होता की सगळीकडे अर्धा इंची पाइप टाकावा. त्यात मीटरला सव्वाशे मिलिलिटरच मावतं, म्हणजे गार पाणी निम्म्याने कमी. खालच्या मजल्याला ते चाललंही असतं, पण वरच्या मजल्याच्या डोक्यावर टाकीची उंचीच पुरेशी नव्हती, बारीक पाइपातून धार करंगळीएवढी आली असती. शेवटी एक इंची पाइपाचा फेरा सगळ्या खोल्यांवरून फिरवून परत टाकीत नेला, जाड आवरणात गुंडाळला आणि परतीच्या वाटेवर एक छोटा पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. फेऱ्यापासून नळापर्यंत अर्धा इंची, कुठेही दोन मीटरपेक्षा जास्त नाही. पंपाला टायमर: पहाटे साडेतीनला सुरू, सातला बंद. खर्च मी केला, चूक माझी होती. पुढच्या संकष्टीला पहाटे चारला मी तिथेच जाऊन बसलो. एका खोलीतला नळ सोडून मनात आकडे मोजले. सहाव्या आकड्याला ऊन पाणी आलं.

मग मे महिना आला. दुपारी दोनला पुन्हा त्यांचाच फोन.

"मिस्त्री, आता वेगळीच तऱ्हा झालीय."

"काय झालं, आबा? गार येतंय?"

"गार असतं तर फोन कशाला केला असता! छतावरची ती गार पाण्याची काळी टाकी इतकी तापलीय, की विसणच कढत येतंय."